ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं: जुन्या गाडीतला दोष कसा शोधायचा

गावात चाळीस-पन्नासने गाडी गुण्यागोविंदाने चालते. हायवेला लागलो आणि काटा ८० च्या पुढे सरकला की स्टिअरिंगला बारीक कंप सुटतो. ९० ला तो मनगटात जाणवतो आणि १०५-११० ला कित्येकदा आपोआप निवळतो. दहा वर्षांहून जुन्या गाडीत हे दुखणं इतकं सर्रास आहे की बरेच जण त्याला गाडीचा स्वभाव समजून चालवत राहतात. काही जण गॅरेज गाठतात, तिथे ठरलेला सल्ला मिळतो, ‘अलाइनमेंट करून घ्या.’ अलाइनमेंट होते, पैसे जातात आणि पुढच्या रविवारी थरथर पुन्हा हजर.

तेव्हा आधी हा घोळ मिटवू. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं दिसतं, टायर एका कडेने झिजतो. त्याने कंप येत नाही. कंप यायला काहीतरी फिरताना प्रत्येक फेऱ्यात एकदा धक्का द्यावा लागतो, म्हणजे चाक, टायर, हब (ज्यावर चाक नटांनी आवळतात तो फिरणारा भाग), ब्रेकची डिस्क किंवा चाकाला ताकद देणारा शाफ्ट. अलाइनमेंटचा संबंध लागतो तो आडवळणाने. वर्षभर चुकीच्या कोनात फिरलेला टायर खडबडीत झिजतो आणि मग तो टायर थरथरतो. पण तेव्हाही दोषी टायरच असतो, आणि नंतर कोन सुधारून त्याची झीज भरून येत नाही.

नेमकं ऐंशी-नव्वदलाच का?

पहिल्या पिढीची मारुती स्विफ्ट घ्या, टायर १६५/८० आर१४. या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ १३ फेरे घेतं. स्प्रिंग आणि टायर यांच्यामध्ये लटकलेल्या चाकाची स्वतःची वर-खाली नाचायची लय सेकंदाला १० ते १५ च्या घरात असते. फेऱ्यांची लय आणि ही लय जुळली की योग्य क्षणी ढकललेल्या झोपाळ्यासारखा छोटा धक्काही वाढत जातो. वेग आणखी वाढला की लय चुकते, म्हणून १०५ ला शांत वाटतं. दोष मात्र तिथेही असतोच, आणि बेअरिंगला तो सोसावा लागतो.

धक्का किती मोठा असतो? रिमच्या कडेला एका बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त असेल तर ९० च्या वेगाला त्याचा जोर सुमारे साडेतीन किलो वजनाइतका होतो, सेकंदाला तेरा वेळा. ४५ ला तोच जोर एक किलोच्याही खाली. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, म्हणून गावात काहीच कळत नाही.

आता जुन्या गाडीची खरी गोम. नव्या गाडीत १५-२० ग्रॅमचा फरक घट्ट बुश (सांध्यांमधले रबर) आणि ताजे शॉकअप गिळून टाकतात. जुन्या गाडीत लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश चिरलेले असतात, टाय रॉड एंडला (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाला) किंचित प्ले म्हणजे ढिलेपणा असतो, मग तोच फरक थेट हातात येतो. म्हणजे थरथर करणारा एक आणि तिला वाट करून देणारा दुसरा. या दोघांची गल्लत झाली की पार्ट बदलत बसण्याचं दुष्टचक्र सुरू होतं. ओळखीतल्या एका जुन्या वॅगनआरचं असंच झालं. लोअर आर्म बदलले, कंप निम्म्यावर आला, सगळे खूश. काही महिन्यांत नवे बुश थोडे बसले आणि कंप परत आला, कारण मूळ दोष आतल्या कडेने चेपलेल्या रिममध्ये होता आणि चाक काढून आतून बघायची तसदी कोणी घेतली नव्हती.

म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी करणारा शोधायचा, मग वाट देणारा. आणि फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या मागून.

पायरी १: निघण्यापूर्वी

चारही चाकांचे नट पान्याने ताडून बघा. नुकतंच पंक्चर काढलं असेल किंवा स्टेपनी लावली असेल तर हे चुकवू नकाच. अचानक सुरू झालेला आणि दिवसागणिक वाढणारा कंप आधी ढिल्या नटाचा समजायचा.

हवा गाडी थंड असताना तपासा, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरमध्ये दिलेल्या आकड्यानुसार. ‘पस्तीस टाकू का साहेब?’ याला मान डोलावू नका. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापून दाब दोन-तीन पौंड वाढलेला असतो, तोही हिशेबात धरा.

मग एकेका टायरची पाहणी. बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर चाचणी तिथेच थांबवा. खड्ड्यात आदळून आतले धागे तुटलेले असतात आणि तो टायर कधीही फुटू शकतो. टायरच्या वयासाठी चार आकडी शिक्का शोधा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिमीपर्यंत उतरली की टायर कायद्यानेही बाद. खाचांमधले छोटे उंचवटे नक्षीच्या पातळीला आले की ती वेळ आली. पण थरथरीचा टायर भरपूर नक्षी असलेलाही असू शकतो, कारण कमी चाललेल्या गाडीत नक्षी शिल्लक असते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं.

डोळ्यांपेक्षा हात जास्त सांगतो. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि तळहात नक्षीवरून आधी पुढे, मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर कोन बिघडून झालेली झीज. ठराविक अंतराने खळगे लागले तर शॉकअप गेले आहेत किंवा चाक बराच काळ असंतुलित फिरलंय. एकाच जागी उंचवटा लागला तर आतला पोलादी पट्टा सुटतोय. ही खूण सर्वांत गंभीर. असा टायर २०-३० च्या वेगालाही गाडीचं नाक डावी-उजवीकडे डोलवतो. हायवेवर न्यायचा नाही, बदलायचा.

दोन गोष्टी आपल्याकडे हमखास सुटतात. एक, चिखल. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावर गाडी घातली की रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर बसतो आणि वाळून घट्ट होतो. बाहेरून चाक लख्ख धुतलेलं असतं, आतून पाव किलो कोकण चिकटलेलं. दसऱ्याच्या सुमाराला ‘आठ दिवसांपासून सुरू झालं’ म्हणून येणाऱ्या थरथरीत हे कारण आधी बघावं. जॅक लावून किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्चने आत बघा, स्क्रूड्रायव्हरने खरवडा, पाण्याचा फवारा आतून मारा.

दुसरी, टायरमध्ये ओतलेलं पंक्चर-रोधक जेल. रात्रभर उभ्या गाडीत ते खाली साचतं आणि सकाळी चाकाचा तोल बिघडवतं. बॅलन्सिंगच्या, म्हणजे छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधायच्या, मशीनवरही दर वेळी वेगळे आकडे येतात. आधीच्या मालकाने ते टाकलंय का, हे विचारून घ्या. जुनी गाडी घेताना हा प्रश्न कोणालाच सुचत नाही.

पायरी २: रस्त्यावरची चाचणी

डांबरी, सपाट, मोकळा रस्ता निवडा. समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर सांधे आणि खाचा स्वतःच आवाज आणि बारीक कंप देतात, तिथे निदान फसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चाचणी घेणार असाल तर सपाट टप्प्यातली १०० ची मर्यादा पुरेशी आहे. रोग ८० ते १०० मध्येच दिसतो. शेजारी कोणाला तरी बसवा आणि नोंदी त्यालाच करू द्या. गाडी चालवताना एका हाताने मोबाइलवर लिहायचं नाही.

कंप कुठे येतो हे आधी पाहा. स्टिअरिंग थरथरत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत. सीट, फरशी, आरसा थरथरत असेल आणि स्टिअरिंग शांत असेल तर बहुधा मागे. हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात इथूनच करावी.

मग कंप येतो त्या वेगाला ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबा आणि गाडी वाहू द्या. कंप तसाच राहिला आणि वेगाबरोबर हळूहळू उतरला तर तो चाकांचा. क्लच दाबताक्षणी गायब झाला तर इंजिन, त्याचं माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) किंवा ड्राइव्ह शाफ्टकडे बघायचं. किल्ली मात्र फिरवायची नाही, काही झालं तरी. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची मदत संपत जाते आणि किल्ली मागे गेली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं.

तिसरी पाहणी चढावर. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये जोर दिला की थरथर आणि जोर काढला की शांत, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट झिजलाय. त्याविषयी पुढे.

ब्रेकचं वेगळं. १०० वरून हलका, एकसारखा ब्रेक दाबा. फक्त ब्रेक लावल्यावरच स्टिअरिंग हलतंय तर बॅलन्सिंगवर एक रुपया घालवू नका, थेट ‘फक्त ब्रेक लावल्यावर थरथरत असेल तर’ या भागाकडे जा.

शेवटची नोंद वेळेची. निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरला कंप आणि मग आपोआप बरं, असं असेल तर बरेच दिवस उभं राहून टायर एका जागी चपटा झालाय. लॉकडाऊननंतर हा अनुभव पुष्कळांनी घेतला. याउलट, सुरुवातीला ठीक आणि अर्ध्या तासाने थरथर सुरू, तर ब्रेक धरून राहतोय. थांबल्यावर रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापलं असेल तर चोर सापडला.

पायरी ३: जॅकवर

जॅक हा उचलायचा साधन आहे, आधाराचा नाही. गाडी उचलल्यावर खाली स्टँड लावा. स्टँड नसेल तर निदान काढलेली स्टेपनी सिलच्या (दाराखालच्या कडेच्या) खाली आडवी सरकवा. मागच्या चाकांना दगड. गाडीखाली आडवं व्हायचं कारणच नाही, सगळं बाजूने होतं.

पुढचं चाक हवेत असताना नक्षीपासून अगदी थोड्या अंतरावर, विटेवर ठेवलेल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक स्थिर करा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. टोक आणि टायर यांमधली फट एका फेऱ्यात किती कमी-जास्त होते ते बघा. दीड मिलिमीटरच्या पुढे फरक दिसला तर संशय पक्का. मग तेच टोक रिमच्या कडेजवळ धरा. रिम सरळ आणि टायर वर-खाली होतोय तर टायर दोषी. रिमच डोलतंय तर रिम वाकलंय किंवा हबवर नीट बसलेलं नाही. आतली कड पण बघा, खड्ड्याचा मार अनेकदा तिथेच बसतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

आता प्ले. चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. मग तीन आणि नऊला. फक्त तीन-नऊला खटखट लागली तर टाय रॉड एंड किंवा रॅक (स्टिअरिंगची दातेरी पट्टी). फक्त बारा-सहाला लागली तर बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोल सांधा) किंवा बेअरिंग. दोन्हीकडे सारखीच लागली तर बहुधा बेअरिंग. खात्रीसाठी कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट नाहीशी झाली तर बेअरिंग, राहिली तर जॉइंट. ही युक्ती इतकी साधी आहे, तरी बेअरिंग म्हणून बॉल जॉइंट आणि बॉल जॉइंट म्हणून बेअरिंग बदलल्याची उदाहरणं काही कमी नाहीत.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडला उघड प्ले असेल तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ चालत नाही. ते सुटलं तर चाक वाटेल तिकडे वळतं.

बेअरिंगची सुरुवातीची घरघर कानाला लागत नाही. एका हाताच्या बोटांनी स्प्रिंगचा एक वेटोळा पकडा आणि दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवा. चांगलं बेअरिंग असेल तर बोटांना काहीच कळत नाही. खराब असेल तर स्प्रिंगमधून वाळू दळल्यासारखी खरखर बोटांत येते, चाकाशी कान लावूनही ऐकू येत नसेल तेव्हासुद्धा. दुसऱ्या बाजूच्या चाकावर हेच करून फरक ताडून बघा. रस्त्यावर याची जोडखूण म्हणजे गुणगुण: डावीकडे वळताना वाढली तर बहुधा उजवं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढली तर डावं. वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो म्हणून.

पायरी ४: चाकांची अदलाबदल

बॅलन्सिंगआधी ही करावी असा माझा आग्रह आहे, कारण हिला फक्त घाम लागतो. पुढची दोन चाकं मागे आणि मागची पुढे, त्याच बाजूला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर बाजू बदलायची नाहीच. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा चाचणी.

स्टिअरिंग शांत होऊन कंप सीटखाली गेला तर दोष चाकांतच आहे, जे आता मागे गेलं आहे. काहीच फरक पडला नाही तर हब, डिस्क, शाफ्ट किंवा जॉइंट. स्टेपनी चांगल्या अवस्थेत आणि त्याच मापाची असेल तर एकेका पुढच्या चाकाच्या जागी ती लावून नेमकं कोणतं चाक ते धरता येतं. हल्लीच्या काही गाड्यांत स्टेपनी कमी मापाची असते, तिच्यावर ८० च्या पुढे जायचं नाही, त्यामुळे तिथे ही युक्ती बाद.

चाक बाहेर आलंच आहे तर हबचा चेहरा बघून घ्या. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीत हब आणि डिस्क यांच्या मध्ये गंजाचे पापुद्रे उठलेले असतात. त्यावर रिम आवळलं की ते कणभर तिरकं बसतं, आणि हबवरचा कणभर टायरच्या कडेला कितीतरी पट होतो. तारेच्या ब्रशने हबचा चेहरा, मधला गोल उंचवटा आणि रिमची आतली बाजू धातू दिसेपर्यंत साफ करा. स्टडच्या (नट ज्यावर बसतात त्या दांड्यांच्या) आट्यांना ग्रीस फासू नका.

नट आधी हाताने लावा, मग एकासमोरचा दुसरा अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. एअर गनने एकाच दमात एकेक नट ठोकून बसवणं हे डिस्क बिघडण्याचं एक छुपं कारण आहे. दुकानात गन वापरू द्या, पण शेवटचा पीळ हातपान्याने द्यायला सांगा.

बाजारातले अलॉय

जुन्या गाडीला हौसेने लावलेले अलॉय (हलक्या मिश्रधातूचे रिम) असतील तर ही तपासणी वेगळी करा. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमीचा. बाजारातले अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं ठेवतात, ६७.१ किंवा ७३.१ मिमी असं. मधली पोकळी भरायला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग लागते. ती नसेल, किंवा टायर बदलताना कोणाच्या तरी दुकानात राहिली असेल, तर चाक केवळ नटांच्या भरवशावर मध्यावर येतं, आणि नेमकं मध्यावर येईलच असं नाही. अशी गाडी मशीनवर शून्य दाखवते आणि रस्त्यावर थरथरते. स्टील रिमचे नट अलॉयला वापरले जात नाहीत ना, हेही पाहा. दोघांच्या बैठकीचा उतार वेगळा असू शकतो.

पायरी ५: बॅलन्सिंग, समोर उभं राहून

बॅलन्सिंग स्वस्तातलं काम आहे आणि म्हणूनच बहुधा घाईत उरकतात. गर्दी नसलेल्या वेळी जा. चाक धुऊन न्या. जुनी वजनं सगळी काढून मग मोजायला सांगा. वजनांवर वजनं ठोकलेल्या चाकाचा इतिहासच कळत नाही. रिमवर डिंकाचा चौकोनी डाग आहे आणि वजन नाही, तर ते उडालंय.

मशीनवर शून्य-शून्य आलं की एक विनंती करा. चाक सैल करून मशीनच्या दांड्यावर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा आणि पुन्हा मोजा. आकडा पाच-दहा ग्रॅमच्या आत राहिला तर काम खरं. पंचवीस-तीस दाखवायला लागला तर चाक दांड्यावर मध्यात बसलेलं नव्हतं, म्हणजे चाक मध्यात बसवणारा शंकू चुकीचा लावलाय किंवा दांडा झिजलाय, आणि तिथलं ‘शून्य’ बिनकामाचं. कारागीर थोडा कुरकुरेल. चांगला असेल तर कुरकुरणारही नाही, स्वतःच दाखवेल.

छोट्या चाकाला एकाच बाजूला ६०-७० ग्रॅमहून जास्त वजन मागितलं तर ते ठोकून घेऊ नका. टायर रिमवरून सोडवून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकमेकींसमोर आल्या की आकडा कित्येकदा निम्म्यावर येतो. तरीही हटला नाही तर टायर किंवा रिम बाद.

मशीनची एक मर्यादा ध्यानात ठेवा. तिथे चाक हवेत फिरतं, गाडीचा भार नसतो. टायरची एक बाजू दुसरीपेक्षा ताठ असेल तर भाराखाली तो प्रत्येक फेऱ्यात उचलतो, आणि मशीनला ते कळत नाही. रिम सरळ, बॅलन्स शून्य, हब स्वच्छ, तरी चाकं पुढे-मागे केल्यावर कंप चाकाबरोबर फिरतोय, तर टायर बदलणं हाच इलाज. रिमोल्ड केलेले (जुन्यावर नवी नक्षी चढवलेले) टायर पुढे लावले असतील तर तेही इथेच सापडतात.

वाकलेलं स्टील रिम सरळ करून मिळतं. अलॉयला तडा असेल तर वेल्डिंग करून पुढच्या चाकाला लावणं मला मान्य नाही, कोणी कितीही हमी दिली तरी.

फक्त ब्रेक लावल्यावर थरथरत असेल तर

याला सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी जागोजागी वेगळी झालेली असते. ०.०२ मिमीचा फरकसुद्धा हाताला जाणवतो. जाड जागा पॅडखाली आली की ब्रेक जास्त धरतो, पातळ आली की सोडतो, आणि हा खेळ चाकाच्या लयीत चालतो. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली की लगेच उलगडा होतो.

पण जाडी कमी-जास्त का झाली, हे न शोधता नवी डिस्क टाकली तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कारणं दोन ठळक: हबवरचा गंज, ज्यामुळे डिस्क तिरकी फिरते, आणि कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) जाम झालेल्या पिना, ज्यामुळे पॅड कायम घासत राहतात. चाक काढल्यावर कॅलिपर हाताने सरकतो का ते बघा. पिना काढून साफ करून, ब्रेकसाठीचंच ग्रीस लावून बसवणं हे तासाभराचं काम आहे. साधं ग्रीस तिथले रबर फुगवतं.

डिस्क लेथवर तासायची असेल तर आधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी वाचा. तासून त्याच्या खाली जाणार असेल तर नवी घ्या, आणि दोन्ही बाजूंची एकदम. सीट किंवा पेडल थरथरतंय आणि स्टिअरिंग शांत आहे तर मागचे ड्रम अंडाकृती झालेत का ते बघायला हवं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलला येणारी कुरकुर हा एबीएसचा नेहमीचा आवाज, त्याला दोष समजू नका.

जोर दिल्यावरच येणारी थरथर

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात. बाहेरचा गेला की पूर्ण वळण घेताना कटकट वाजतो, हे बहुतेकांना माहीत असतं. आतला, गिअरबॉक्सकडचा, वाजत नाही. तो चढावर किंवा वेग घेताना गाडीचा पुढचा भाग डावी-उजवीकडे हलवतो. रबरी बूट फाटून ग्रीस आजूबाजूला उडालंय का ते बघा. बूट फाटल्याचं वेळेत दिसलं तर साफसफाई, नवं ग्रीस आणि नवा बूट यांवर भागतं. तुटलेलं इंजिन माउंटिंगही हाच त्रास देतं, कारण इंजिन झुकून शाफ्टचा कोन बदलतो. पण असं माउंटिंग सिग्नलला उभं असतानाही एसी लावल्यावर जाणवतं.

बोलेरो, सुमो, क्वालिस, किंवा कोणी जपलेली अॅम्बेसेडर यांत मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. त्याचा कंप चाकापेक्षा साधारण चौपट वेगाचा, बारीक आणि गुणगुणणारा, फरशीत येतो. क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) हाताने हलवून बघा. शाफ्ट काढायचाच झाला तर दोन्ही टोकांवर खडूच्या नव्हे, ठशाच्या खुणा करून मगच काढायला सांगा.

शेवटी वाट देणारे

करणारा सापडला, दुरुस्त झाला, आणि तरी बारीक शिरशिरी उरली, तर आता लोअर आर्मचे बुश. लांब पान्याने किंवा पहारीने आर्म हळूच ढकला आणि रबर किती उघडतं ते बघा. पृष्ठभागावरच्या बारीक रेषा चालतात, आरपार चीर चालत नाही. कित्येक गाड्यांत फक्त बुश दाबून बसवता येतात. पूर्ण आर्म घ्यायचा तर बॉल जॉइंट किती झिजलाय त्यावर ठरवा. शॉकअपवर तेल ओघळलंय का ते बघा. रॅकचा बुश आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा जॉइंट यांची तपासणी जाणत्या फिटरकडून करून घ्या.

अलाइनमेंट आता. टाय रॉड एंड किंवा आर्म बदलला असेल तर ती लागतेच, आणि हे सगळं झाल्यावर केली तरच तिचे पैसे वसूल होतात. निघताना छापील कागद मागून घ्या, आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असलेला. आणि चाकं जितक्या वेळा काढली असतील तितक्या वेळा, पन्नास-शंभर किलोमीटरनंतर, नट पुन्हा एकदा पान्याने ताडून बघा.